हे पाहिले कोणी?

काही वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले होते. परीक्षक म्हणून मी तेथे गेलो होतो. मी अमरावतीला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अशा प्रदर्शनांत काय काय असते हे तुम्हांला ठाऊकच आहे. इंजेक्शनच्या पिचकाऱ्यांवर चालणारा जे.सी.बी., खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचनाचा नमुना. अगदी शेवटच्या टेबलावर नववीतल्या दोन मुली एक तक्ता घेऊन उभ्या होत्या. तक्त्यावर निळ्या देवमाशाचे चित्र होते आणि खाली लिहिले होते, "हा मासा नव्हे. याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते."

मी नेहमीचे प्रश्न विचारले, त्यांनी पाठ केलेली उत्तरे दिली. मी पुढे सरकणार, तोच त्यांतली एक धीट मुलगी म्हणाली, "सर, एक इचारू काय? पुस्तकात लिवेल हाये ते आमी लिवलं. पन हे पाह्यलं कोनं?"

मी हसलो. "तो जीवशास्त्राचा विषय आहे, तुमच्या बाईंना विचारा," असे म्हणून पुढच्या टेबलाकडे वळलो. पहिले बक्षीस आम्ही जे.सी.बी.ला दिले.

परतीच्या बसमध्ये मात्र तो प्रश्न पिच्छा सोडीना. त्या दिवशी त्या सभागृहात विचारला गेलेला खरा वैज्ञानिक प्रश्न तो एकच होता आणि मी तो टाळला होता. ते उत्तर मला येत नव्हते, ही खरी गोष्ट. ते शोधायला मला पुढे बरेच महिने लागले. या लेखात ते उत्तर मी देणार आहे. शिवाय "हे पाहिले कोणी?" हा प्रश्न वर्गात दाबून टाकण्याजोगा नसून तोच धड्याचा आरंभ असावा, असे माझे ठाम मत झाले आहे. तेही सांगणार आहे.

हा प्रश्न केवळ त्या मुलीचा नाही. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) एका संमेलनात त्या वेळच्या एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी नेमके हेच म्हटले होते: माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, आपल्या पूर्वजांनी तसे लिहूनही ठेवलेले नाही, सबब डार्विनचा सिद्धान्त चूक आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर दिले. दोघांच्या बोलण्यातला फरक मात्र लक्षात घ्या. मुलीने विचारले आणि ती उत्तराची वाट पाहत राहिली. मंत्रिमहोदयांनी प्रश्नालाच उत्तर मानले.

आता सांगा, न पाहिलेली गोष्ट कळते कशी? मेळघाटात गेलेल्यांपैकी किती जणांना वाघ दिसतो? फारच थोड्यांना. पण नाल्याच्या ओल्या वाळूत उमटलेला ठसा पाहून वनरक्षक सांगतो की रात्री येथून वाघ गेला. त्याने वाघ पाहिलेला नसतो. तरीही त्याचे म्हणणे आपण मानतो, कारण त्याने पुरावा पाहिलेला असतो आणि तो पुरावा तुम्हीही वाकून पाहू शकता. आमच्या विषयात इलेक्ट्रॉन कोणी डोळ्यांनी पाहिला आहे? तरी त्याच्यावरच तुमच्या घरातला दिवा लागतो. तेव्हा प्रश्न थोडा सुधारून घेऊ: व्हेलच्या पूर्वजाचा ठसा कोणी पाहिला, आणि कोठे?

त्याआधी एका शब्दाचा हिशेब चुकता करू. आपण "देवमासा" म्हणतो, वर्तमानपत्रे "व्हेल मासा" लिहितात. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा व्हेल जिवंत येऊन अडकला आणि काही तासांत मरण पावला. पाण्याबाहेर आल्यामुळे श्वास कोंडून तो मेला, असे पुष्कळांना वाटले असेल. पण व्हेल फुप्फुसांनी हवेतच श्वास घेतो. पाण्यात त्याच्या प्रचंड वजनाला आर्किमिडीजचे उत्प्लावक बल तोलून धरते. वाळूवर ते बल नाहीसे होते आणि त्याचे स्वतःचेच वजन त्याच्या फुप्फुसांवर व रक्तवाहिन्यांवर दाबू लागते. शिवाय चरबीच्या जाड थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणजे भोवती हवा असूनही तो मरतो. माशाचे मरण असे नसते.

आणखी एक खूण पाहा. अप्पर वर्धा धरणातली रोहू पोहते तेव्हा तिची शेपटी डावी-उजवीकडे हलते. व्हेल आणि डॉल्फिन यांची शेपटी वर-खाली हलते. धावणाऱ्या कुत्र्याची किंवा उधळलेल्या वासराची पाठ आठवा. तीही वर-खालीच वाकते. जमिनीवरची धाव त्यांच्या पाठीच्या कण्यात अजून शिल्लक आहे.

मग हा प्राणी पाण्यात शिरला कोठे? आपल्या वऱ्हाडात तर नव्हे? दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडची मुले हे हटकून विचारतात, कारण पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे आणि "येथे पूर्वी समुद्र होता" असे त्यांनी घरी ऐकलेले असते. पण पाणी खारट आहे एवढ्यावरून समुद्र सिद्ध होत नाही. निचरा कमी आणि ऊन कडक असले की बाष्पीभवनाने क्षार जागच्या जागी साचत जातात. पूर्णाकाठचा तो जाड थर नदीच्या गाळाचा आहे, आणि त्याखाली आहे आपला ओळखीचा काळा दगड, बेसॉल्ट. चिखलदऱ्याच्या कड्यांत दिसतो तोच. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून हा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तयार झाला. त्या वेळी पृथ्वीवर एकही व्हेल नव्हता. ज्या दगडावर अमरावती आणि अकोला उभी आहेत, तो व्हेलच्या कुळापेक्षा दीड कोटी वर्षांनी वडील आहे!

तो दगड थंड झाला तेव्हा भारताचा भूखंड आशियाला जोडलेला नव्हता. तो उत्तरेकडे सरकत होता आणि मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. पुढे टक्कर झाली, टेथिस उथळ होत गेला, त्याचा तळ उचलला जाऊन हिमालयात सामील झाला. या मिटत चाललेल्या समुद्राच्या काठी सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी एक खुरांचा प्राणी पाण्यात उतरू लागला. म्हणून त्याची हाडे सापडतात ती आजच्या पाकिस्तानात, जम्मूच्या डोंगरांत आणि आपल्या शेजारच्या गुजरातेतील कच्छमध्ये. व्हेलच्या कुळाचे जन्मगाव भारतीय उपखंड आहे. ही गोष्ट आपल्याकडे किती शाळांत सांगितली जाते?

आता पुरावे क्रमाने पाहू. १९८१ साली अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप गिंगरिच व त्यांचे सहकारी यांनी पाकिस्तानात सापडलेल्या एका कवटीला "पाकिसेटस" असे नाव दिले. कान व्हेलसारखा, बाकी ठेवण जमिनीवरच्या प्राण्यासारखी. केवळ कवटीवरून तेव्हा त्याचे जे चित्र काढले गेले, त्यात तो वल्ह्यासारख्या पायांनी पोहताना दाखवला होता. २००१ मध्ये हान्स थेविसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या सांगाड्याची हाडे जुळवली, आणि निघाले काय? लांब, सडसडीत पायांचा, लांडग्याएवढा प्राणी! जुने चित्र रद्द झाले. त्याच वर्षी गिंगरिच यांनी पाकिस्तानातच मिळालेले दुसऱ्या एका पुरातन व्हेलच्या घोट्याचे हाड प्रसिद्ध केले. त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती. अशी दुहेरी कप्पी फक्त समखुरी प्राण्यांत असते: गाय, बैल, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा यांच्यात. व्हेलचे पूर्वज मांसाहारी खुरवाल्यांच्या एका वेगळ्या, आता नष्ट झालेल्या गटातले, असे गिंगरिच यांचे आधीचे मत होते. ते हाड पाहून त्यांनी ते सोडून दिले. प्रयोगशाळांतून डी.एन.ए.चे अभ्यासक तर आधीपासूनच सांगत होते की व्हेलचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा आहे. दगड आणि रेणू यांची साक्ष जुळली.

म्हणजे पोळ्याला तुम्ही ज्या बैलाच्या शिंगांना रंग लावता, तो व्हेलचा दूरचा भाऊबंद आहे. मंत्र म्हणून हे पाठ करू नका. बैलाच्या घोट्याचे हाड कधी शेतात सापडले तर हातात घेऊन पाहा.

कच्छमधले काम आपल्या लोकांनी केले. लखनौ विद्यापीठातील अशोक साहनी व विजय प्रकाश मिश्र यांनी १९७२ आणि १९७५ साली तेथील पुरातन व्हेलांवर लिहिले. पुढे २००० साली सुनील बाजपेयी व थेविसेन यांनी "कच्छिसेटस" हे नाव दिलेला लहानखुरा, लांब शेपटीचा व्हेल तेथलाच. चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे हे प्राणी बहुतेक वेळ पाण्यात काढीत, पण त्यांना चार पाय होते.

मला सर्वांत जास्त हलवून गेली ती रंगा राव यांची हकीकत. ए. रंगा राव हे तेल व नैसर्गिक वायू आयोगातील भूवैज्ञानिक. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे त्यांनी हाडांनी भरलेले दगड गोळा केले आणि १९७१ साली त्यातल्या एका लहान प्राण्याला "इंडोह्यूस" हे नाव दिले. त्यापुढे दगड फोडून हाडे मोकळी करायचे काम राहूनच गेले, आणि ते वारले. त्यांच्या पत्नी, स्वतः जीवाश्मशास्त्रज्ञ असलेल्या, डेहराडूनच्या घरी ते दगड वर्षानुवर्षे सांभाळून होत्या. त्यांनी ते थेविसेन यांच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत दगडातून हाडे सोडवताना तंत्रज्ञाच्या हातून चुकून एक कवटी फुटली. आतले कानाचे हाड उघडे पडले, आणि त्याची आतली भिंत विलक्षण जाड होती. अशी भिंत तोपर्यंत फक्त व्हेलांच्या कानात माहीत होती! डिसेंबर २००७ मध्ये "नेचर" या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. बाजपेयी आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे बी. एन. तिवारी हे त्याचे सहलेखक होते. मांजराएवढे, हरणासारखे दिसणारे हे जनावर व्हेलच्या कुळाचे सख्खे शेजारी निघाले. त्या बाईंनी "जुने दगड" म्हणून ते अंगणाबाहेर टाकले असते तर? तुमच्या शाळेच्या कपाटात कोणी जुन्या मास्तरांनी चिठ्ठ्या लावून ठेवलेले दगड असतील, तर ते रंगकामाच्या वेळी फेकले जाऊ देऊ नका.

"तो जीवशास्त्राचा विषय आहे" हे माझे उत्तर किती खोटे होते, ते आता पाहा. या प्रकरणातली निम्मी साक्ष पदार्थविज्ञानाची आहे.

पहिली साक्ष वजनाची. इंडोह्यूसच्या पायांची हाडे कापून पाहिली तर त्यांचे बाहेरचे कवच जाड, आतली पोकळी अरुंद. पाणघोड्याची हाडेही अशीच जड असतात. त्यामुळे पाण्यात शरीर वर तरंगत नाही आणि तळावर पाय टेकून चालता येते. बुडण्याची सोय होती, म्हणजे प्राणी पाण्यात वावरत होता.

दुसरी साक्ष दातांतल्या ऑक्सिजनची. ऑक्सिजनचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक १६ वस्तुमानांकाचे, थोडे १८ चे. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात ठेवलेल्या माठातून पाणी उडते तेव्हा हलक्या अणूंचे पाणी किंचित अधिक सहजतेने उडते. समुद्रावरही तेच घडते. म्हणून ढगांचे, पावसाचे आणि नद्यांचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडे "हलके" असते. प्राणी जे पाणी पितो त्याची नोंद त्याच्या दातांत राहते. पाकिसेटसच्या दातांनी सांगितले: हा गोड्या पाण्याचा रहिवासी. त्यानंतरच्या काही व्हेलांच्या दातांनी सांगितले: आम्ही समुद्राचे. पाच कोटी वर्षांपूर्वी त्या प्राण्याने कोणते पाणी प्याले, हे आज मोजता येते!

तिसरी साक्ष ध्वनीची. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पाण्यात सुमारे १५०० मीटर. शिवाय शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच, म्हणून पाण्यात आवाज कवटीत सगळीकडून घुसतो आणि तो कोणत्या बाजूने आला हे कळेनासे होते. विहिरीत बुडी मारून मित्राची हाक ऐकून पाहा, म्हणजे पटेल. पाण्यात नीट ऐकायचे तर कानाची रचना बदलावी लागते. आजच्या व्हेलांत कानाची जड हाडे कवटीपासून जवळजवळ सुटी झालेली असतात. पाकिसेटसपासून कच्छच्या व्हेलांपर्यंत हा बदल पायरीपायरीने दगडांत वाचता येतो. तोल सांभाळणाऱ्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकाही कच्छच्या व्हेलांत बारीक झालेल्या होत्या, हे २००२ साली क्ष-किरणांच्या सी.टी. स्कॅनने दिसले. दवाखान्यातलेच यंत्र, रुग्ण मात्र चार कोटी वर्षांपूर्वीचा.

येथे चाणाक्ष विद्यार्थी मला पकडील. पाकिसेटस सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, इंडोह्यूस सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. मग धाकटा हा थोरल्याचा पूर्वज कसा? नाहीच मुळी! इंडोह्यूस हा पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला. मूळ पुरुषाचा फोटो नसला तरी चुलत आजोबांच्या चेहऱ्यावरून घराण्याचे नाक ओळखता येते, तसेच हे आहे. जीवाश्मांची सरळ माळ करून "याचा हा मुलगा" असे सांगणारी चित्रे फसवी असतात. कुळाचे चित्र झाडासारखे असते.

आणि ज्यांना दगडांवर भरवसा नाही त्यांच्यासाठी जिवंत पुरावाही आहे. आईच्या पोटातल्या डॉल्फिनच्या गर्भाला सुरुवातीच्या आठवड्यांत मागच्या पायांचे अंकुर फुटतात आणि नंतर विरून जातात. २००६ साली जपानमध्ये पोटामागे परांची आणखी एक जोडी असलेला डॉल्फिन सापडला होता. पूर्ण वाढलेल्या व्हेलच्या शरीरातही कमरेची छोटी हाडे मांसात दडलेली असतात. ती पाठीच्या कण्याला जोडलेली नसतात आणि त्यांच्यावर चालण्याचे काम नसते.

आता माझे मत. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच धडा आहे. पण परीक्षेसाठी त्यातून काय उरते? पेरिपॅटस, डकबिल प्लॅटिपस, लंगफिश, "जोडणारे दुवे लिहा, गुण २". ज्या प्राण्यांना वऱ्हाडातल्या मुलाने कधी पाहिले नाही त्यांची नावे तो घोकतो, आणि ज्या व्हेलचे घराणे कच्छ-काश्मीरच्या दगडांतून आपल्याच माणसांनी उकलले त्याची साखळी त्याला कोणी सांगत नाही. दुसरीकडे २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, असे उत्तर मिळते. पण कला-वाणिज्य शाखांना जाणारे, आणि आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या मागे धावणारे, त्यांनी "हे पाहिले कोणी?" याचे उत्तर कोठे शोधायचे? दहावी ही पुष्कळांची विज्ञानाशी शेवटची भेट असते. त्या भेटीत एवढा मोठा पुरावा लपवणे मला अन्यायाचे वाटते.

विश्वास ठेवा, असे उत्क्रांतीविषयी कोणी सांगू नये. मीही सांगत नाही. पाकिसेटसचे चित्र चुकले तेव्हा ते बदलले गेले, गिंगरिच यांचे मत चुकले तेव्हा त्यांनीच ते बदलले. ही कमजोरी आहे, असे काही जण म्हणतात. माझ्या मते याच सवयीमुळे आपण वाळूतला ठसा वाचायला शिकलो.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. असा प्रश्न आला तर विषयाची कुंपणे आड आणू नका, मी आणली तशी. भूगोलाच्या बाईंनी टेथिस सांगावा, पदार्थविज्ञानाच्या सरांनी ध्वनीचा वेग सांगावा, जीवशास्त्राच्या सरांनी घोट्याचे हाड दाखवावे. उत्तर येत नसेल तर "उद्या पाहून सांगतो" म्हणावे, आणि उद्या खरोखरच सांगावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमची सहल कोकणात गेली की गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाच. तेथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात व्हेलचा भला मोठा सांगाडा आहे. सेल्फी घेण्याआधी त्याच्या पुढच्या वल्ह्याजवळ थांबा. आत खांद्यापासून बोटांपर्यंतची हाडे मोजा, मग आपला हात त्याच्यासमोर धरून पाहा.

ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिचे नाव मी विचारले नव्हते, तेव्हा उत्तर पाठवणार कोठे? हा लेख तिच्या हाती पडला तर तिने एवढे समजावे की परीक्षकांचा त्या दिवशीचा निकाल चुकला होता.